डावीकडची पाचवी खाच

ताई शेवटी गाडीवर बसल्या. गोष्ट संपली.

वरचं वाक्य कृपया वाचलंच नाही असं समजावं. ते घाईत आधी पडलं. अजून ताई गाडीवर बसलेल्या नाहीत, बसण्याचं काही चिन्हही नाही, आणि गाडी तर मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये लाकडी ठोकळ्यावर, मागचं चाक काढून, डॉक्टरसमोर शर्ट काढलेल्या माणसासारखी ओशाळून उभी आहे.

गाडी तपासनिसांची. तपासनीस म्हणजे वजनमापे खात्यातले, आता निवृत्त. चौतीस वर्षं त्यांनी दुकानोदुकानी हिंडून तराजू तपासले. नुसत्या नजरेनं ते सांगत की ही पिशवी दोन किलोची नाही, एक किलो नऊशे चाळीस ग्रॅमची आहे. त्यामुळे बाजारात त्यांना मान होता आणि मित्र नव्हते. वजनाबाबत त्यांनी जन्मात कुणाला खोटं सांगितलं नव्हतं, आणि बाकी कशाबाबत खोटं बोलायची वेळ यावी इतकं ते बोलतच नसत.

ताई म्हणजे त्यांची बायको. शिवणकामाच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांना ताई म्हणे, मग हळूहळू सगळी गल्लीच म्हणू लागली. अर्ध्या गावाच्या कमरेचे घेर त्यांच्या वहीत होते आणि त्यातला एकही आकडा त्या वहीबाहेर गेला नव्हता. थोडक्यात, त्या घरात दोन माणसं राहत होती आणि दोघांनाही लोकांची मापं तोंडपाठ होती. जेवणाच्या टेबलावर गप्पा मारायला हा विषय काही फार सोयीचा नाही.

तशा त्यांच्या गप्पा घरात होतच नसत. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. समोरासमोर बसलं की दोघांनाही काही सुचत नसे, एवढंच. तपासनीस मिठाच्या डबीकडे बघत, ताई तपासनिसांच्या बटणाकडे बघत, आणि बटण सैल आहे एवढं बोलून विषय संपे. बोलणं व्हायचं ते गाडीवर. सकाळी दुकानात सोडताना वीस मिनिटं, संध्याकाळी आणताना वीस मिनिटं. तपासनीस रस्त्याशी बोलायचे, ताई त्यांच्या मानेशी बोलायच्या, आणि दोन्ही बोलणी वाटेत कुठेतरी भेटायची. लेकीचं नाव गाडीवर ठरलं. घर कुठलं घ्यायचं ते गाडीवर ठरलं. तपासनिसांच्या वडिलांना शेवटचा आजार झाला तेव्हा तपासनीस रडले तेही गाडीवरच, हेल्मेटच्या आत. ताईंनी मागून फक्त विचारलं होतं, "थांबायचं का?" आणि ते "नको" म्हणाले होते. एकतीस वर्षांचा संसार होता. त्यातला बोलका भाग सगळा दुसऱ्या ते चौथ्या गिअरमध्ये झाला होता.

आणि एका मंगळवारी, दुकानाकडे जाताना, डावीकडून 'टक्' असा आवाज आला.

आवाज अगदी सभ्य होता. गाडी डाव्या कुल्ल्यावर खाली बसली, चाक घासलं, तपासनिसांनी ब्रेक लावला, आणि ताई बसमधून उतरावं तशा शांतपणे खाली उतरल्या. कुणाला खरचटलंही नाही. मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा वरचा खुंटा तुटला होता. शॉकॲब्सॉर्बर म्हणजे तो स्प्रिंगवाला दांडा, गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक. त्याचं वरचं टोक, ज्याला कारागीर डोळा म्हणतात, ते फ्रेमला जोडलेल्या अंगठ्याएवढ्या लोखंडी खुंट्यावर टांगलेलं असतं. डावीकडचा तो खुंटा मुळातून गेला होता.

दोघांनी मिळून गाडी ढकलत मेव्हण्याच्या गॅरेजपर्यंत नेली. मेव्हणा म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ, वेल्डर. हाताचा चांगला, तोंडाचा सैल. त्यानं वाकून खुंटा बघितला, मग ताईकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, मानलं तुला. लोखंड हरलं."

हसला तो एकटाच.

ताई म्हणाल्या, "हं." आणि पर्स खांद्याला लावून बसथांब्याकडे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या बसनं जाऊ लागल्या. गाडीचं नाव काढलं नाही. तपासनीस म्हणाले, दोन दिवसांत दुरुस्त होईल. ताई म्हणाल्या, बस बरी पडते, खिडकी मिळते. जेवताना पोळी अर्धी ठेवू लागल्या. घरात आता शांतता अशी पसरली की फ्रिज चालू झाला की दोघंही दचकून त्याच्याकडे बघत, जणू तिसरं कुणी बोलायला लागलं. सहाव्या दिवशी तपासनिसांच्या लक्षात आलं की गेल्या सहा दिवसांत ताई आपल्याशी एकूण चाळीस शब्द बोलल्या आहेत, आणि त्यातले अकरा बटणाबद्दल होते. हे असंच चाललं तर उरलेलं आयुष्य मिठाच्या डबीकडे बघत काढायचं होतं.

ते गॅरेजमध्ये गेले.

मेव्हण्यानं तुटका खुंटा चिंधीनं पुसून त्यांच्या हातात दिला. म्हणाला, भाऊजी, तुटल्या जागी नीट बघा. तपासनिसांनी चष्मा कपाळावर चढवला. तुटलेला पृष्ठभाग अर्ध्या चंद्रासारखा दोन रंगांचा होता. मोठा भाग काळपट, आत गंज चढलेला. लहानसा भाग मात्र साखरेसारखा चमकत होता. मेव्हण्यानं समजावलं की चमकतंय तेवढं मंगळवारी तुटलं, काळं आहे ते कित्येक वर्षांपासून फाटत आलेलं. लोखंड एका दिवसात हरत नाही, त्याला आधी भरपूर छळावं लागतं.

"म्हणजे तिच्यामुळे नाही," तपासनीस म्हणाले.

"ताईचा काय संबंध? मी आपली गंमत केली." मग मेव्हणा खाली बसला आणि दोन्ही शॉकॲब्सॉर्बरकडे आळीपाळीनं बघू लागला. स्प्रिंगखाली एक कडं असतं, त्याला पाच खाचा. पहिल्या खाचेवर स्प्रिंग मऊ, पाचवीवर दगड. दोन्ही बाजूंना एकच खाच ठेवायची असते, हे गाडी पुसणाऱ्यालाही ठाऊक असतं. "भाऊजी, ही उजवीकडे पहिलीवर आहे. आणि डावीकडे पाचवीवर. हे कुठल्या शहाण्यानं केलं?"

तपासनीस गप्प राहिले. ते नेहमीच गप्प असत, पण ही गप्प बसण्याची जात वेगळी होती, आणि मेव्हणा कितीही सैल तोंडाचा असला तरी डोळ्यानं पक्का होता.

"कधी केलंत?"

"लग्न झाल्यावर चार महिन्यांनी."

झालं होतं असं. ताई दोन्ही पाय डावीकडे सोडून बसत. तसं कुणीही बसलं तरी गाडी बसणाऱ्याकडे थोडी कलतेच. नव्या नवलाईच्या दिवसांत एकदा त्यांनी मागून विचारलं होतं, "मी बसले की गाडी कलते का हो?" तपासनीस म्हणाले होते, "छे." आणि पुढच्या रविवारी त्या माहेरी गेल्या असताना त्यांनी पाना घेऊन डावीकडचं कडं पाचव्या खाचेवर फिरवलं होतं, उजवीकडचं पहिल्यावर. गाडी सरळ झाली. ताई बसल्या, दोन वळणं गेली आणि म्हणाल्या, "खरंच की, अजिबात कलत नाही." ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचे खोटे तराजू जप्त केले, त्यानं स्वतःच्या घरात एक खोटा तराजू बसवला होता आणि एकतीस वर्षं त्याला तेलपाणी घातलं होतं.

मेव्हण्यानं डोकं खाजवलं. म्हणाला, सारखं ठेवलं असतंत तर अजून वीस वर्षं काही झालं नसतं. सगळा भार तुम्ही एकट्या डाव्या खुंट्याच्या बोकांडी बसवलात. मग त्याला दया आली. त्यानं सुचवलं की ताईला सांगू, गाडी बनवणाऱ्यांचंच लोखंड कच्चं होतं. तपासनीस म्हणाले, लोखंड चांगलं होतं. मेव्हणा म्हणाला, मग गंज म्हणू. तपासनीस म्हणाले, गंज नंतर चढला. मेव्हणा म्हणाला, भाऊजी, तुमच्याशी खोटं बोलणंसुद्धा जिकिरीचं आहे.

पेच साधा होता. ताईंनी गाडी मोडली नाही हे पटवायचं तर कुणी मोडली ते सांगावं लागणार. आणि कुणी मोडली ते सांगायचं तर 'छे' हा शब्द परत घ्यावा लागणार. एकतीस वर्षांपूर्वीची तक्रार मागे घेता येते, कौतुक मागे घेणं अवघड.

त्यांनी आधी खुंटा दुरुस्त करायला घेतला. लोखंडाशी बोलावं लागत नाही.

टाकी काढून अंगणात नेली, कारण पेट्रोलशेजारी वेल्डिंग करणारे वेल्डर फार काळ वेल्डर राहत नाहीत. बॅटरीची वायर सोडवली. जुन्या खुंट्याचं बूड मेव्हण्यानं घासून सपाट केलं आणि फ्रेमच्या जाड पत्र्यातून आरपार भोक पाडलं. नवा खुंटा नुसता वर चिकटवायचा नाही, तो आतून बाहेर काढून दोन्ही अंगांनी जोडायचा, म्हणजे वेल्डिंगला एकट्यानं झुंजावं लागत नाही. खुंटा लेथवर कातून आणला. तपासनीस घरून आपला व्हर्निअर, म्हणजे केसाएवढं अंतर मोजणारी मापपट्टी, घेऊन आले, मखमली डबीतला, निवृत्तीच्या दिवशी परत करायचा राहून गेलेला. त्यांनी उजव्या खुंट्याची उंची मोजली, डाव्याची मोजली, आणि म्हणाले, "पाव मिलिमीटर वर आहे." मेव्हणा म्हणाला, पाव मिलिमीटर माझ्या आईलाही कळणार नाही. तपासनीस म्हणाले, मला कळला. मेव्हण्यानं खुंटा पाव मिलिमीटर खाली घेतला. मग वेल्डिंगचे चार टाके मारले, पुन्हा मोजलं, मग ज्योतीनं जागा सगळीकडून कोमट केली आणि गोल फिरत वेल्डिंग पुरं केलं. पाणी मारून थंड करायचं नाही, नाहीतर ते ठिसूळ होतं. दोघं बाकावर बसून लोखंड गार व्हायची वाट बघत राहिले. तासाभरात मेव्हणा एवढंच म्हणाला, "ताईला असं गप्प बघवत नाही." तपासनीस म्हणाले, "हो." त्यांच्या नात्यातलं हे सर्वात लांब आणि मोकळं संभाषण.

नवे रबर बसवले, शॉकॲब्सॉर्बर टांगले, आणि कडी दोन्ही बाजूंना तिसऱ्या खाचेवर ठेवली. तपासनिसांनी स्वतः मोजून ठेवली.

मग चाचणी. चाचणी झाल्याशिवाय तपासनीस ताईंच्या भावावरही विश्वास ठेवणारे नव्हते. मागच्या सीटवर तितकंच वजन हवं होतं. त्यांनी गॅरेजमागच्या ढिगातून पोत्यात वाळू भरायला घेतली. फावडं मारत गेले, एका जागी थांबले, पोतं उचलून पाहिलं, अर्धी मूठ वाळू परत टाकली आणि तोंड शिवलं. मेव्हण्यानं गपचूप ते काट्यावर ठेवलं. साडेबासष्ट. तो काही म्हणाला नाही, म्हणजे त्याचंही वय झालं होतं.

पोतं डावीकडे जरा जास्त येईल असं बांधलं आणि तपासनीस निघाले. तीन दिवस ते सकाळ-संध्याकाळ दुकानाच्या रस्त्यानं पोतं घेऊन जाऊ-येऊ लागले. खड्डा आला की हळू करत. वळणावर मागे हात नेऊन पोतं नीट आहे ना ते बघत. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं पाहिलं की ते पोत्याशी बोलतायत. सवयीनं सुरू झालं होतं. पोतं ऐकून घेत होतं, आणि एकदोनदा तपासनिसांना ते जरा रागावल्यासारखंही वाटलं.

तिसऱ्या संध्याकाळी सिग्नलला त्यांच्या शेजारी बस येऊन थांबली. खिडकीत ताई. त्यांनी तपासनिसांना पाहिलं, मग आपल्या जागेवर दोरीनं बांधलेल्या पोत्याला पाहिलं. पोत्याच्या पाठीला तपासनिसांनी ऊन लागू नये म्हणून स्वतःचा रुमाल लावला होता. का लावला होता ते त्यांना विचारू नये, वाळूला ऊन बाधत नाही हे त्यांना ठाऊक होतं. सिग्नल सुटला.

त्या दिवशी जेवताना ताईंनी पहिल्यांदा मान वर केली.

"किती किलोचं आहे?"

तपासनिसांचा घास तोंडातच राहिला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मोजलं नाही. "साडेबासष्ट," ते म्हणाले.

ताई पाणी प्यायल्या. "दीड जास्त आहे."

तपासनीस उठले, हात धुतले, अंगणात गेले, पोत्याची शिवण उसवली, आणि मगानं मोजून दीड किलो वाळू काढली. परत येऊन जेवायला बसले. ताईंनी त्यांना पोळी वाढली आणि स्वतःला एक पूर्ण घेतली. पण गाडीवर बसते असं काही म्हणाल्या नाहीत. वजन बरोबर निघालं होतं, दोष अजून त्यांच्याच नावावर होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. ताई स्वयंपाकघरात होत्या. तपासनिसांनी बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या एकामागे एक मांडल्या, दोन्हींची तोंडं कपाटाकडे. पुढच्या खुर्चीवर बसले आणि कपाटाकडे बघत राहिले.

ताई चहा घेऊन आल्या. दारात थांबल्या. खुर्च्या बघितल्या, नवऱ्याची मान बघितली. कप टेबलावर ठेवले.

"कुठे निघालो?"

"जरा जाऊन येऊ."

ताई मागच्या खुर्चीवर बसल्या, पाय डावीकडे सोडून. थोडा वेळ दोघं तशीच चालली. कपाट समोरून काही जवळ येत नव्हतं.

"खुंटा तुझ्यामुळे नाही तुटला. माझ्यामुळे तुटला," ते कपाटाला म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं, रविवार, पाना, पाचवी खाच, पहिली खाच. शेवटी म्हणाले, "तू विचारलंस तेव्हा छे म्हणालो. कलत होती. पण ते वजन नव्हतं तुझं. बसायची जागा डावीकडे होती. वजन तर तेव्हा तुझं अठ्ठेचाळीस होतं."

मागून प्रश्न आला.

"पाचवी म्हणजे शेवटची?"

"शेवटची."

"त्याच्यापुढे नाही?"

"असती तर केली असती."

ताई म्हणाल्या, "मी माझ्या बहिणींना सांगायची. आमच्या ह्यांची गाडी मी बसले तरी जराही कलत नाही म्हणून. त्यांच्या कलायच्या." आवाज कसा होता ते तपासनिसांना कळेना, कारण मागे वळून बघायची त्यांना गाडीवर सवय नव्हती. "थांबवा जरा. उतरते. गॅसवर पाणी आहे."

त्या डाव्या बाजूनं उतरल्या आणि आत गेल्या. तपासनीस थोडा वेळ इंजिन चालू ठेवून बसून राहिले.

त्यानंतर दोन दिवस आतल्या खोलीतून शिलाई मशीनचा आवाज येत राहिला. दार बंद. तपासनीस दाराबाहेर उभे राहून आवाजावरून अंदाज घेत की हा राग आहे की काम. मशीन मध्येच थांबे, मग एकदम धडधडून सुटे. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हरतऱ्हेचे काटे पाहिले होते, हा काटा त्यांना वाचता येईना. मेव्हणा फोनवर म्हणाला, ताई रागावली तर शिवते, आणि खूश झाली तरी शिवते, तेव्हा तुम्ही आपले बटणं घट्ट लावून बसा.

बुधवारी सकाळी तपासनीस गाडी पुसत होते. ताई बाहेर आल्या. अंगात नेहमीचा कुडता, आणि खाली पँट. करड्या रंगाची, खिशाशी थोडी विटलेली. तपासनिसांनी ती ओळखली. ते ती घालून सात वर्षं बाजार तपासत फिरले होते.

"तुमचीच आहे," ताई म्हणाल्या. "उंची कमी केली. कमरेतही घ्यावी लागली." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "अडीच इंच." हा आकडा वहीबाहेर आलेला पहिलाच, आणि तो तपासनिसांच्या कमरेबद्दल होता. मापात चूक नव्हती.

ताईंनी एक हात सीटवर ठेवला, एक पाय उचलला, तो मध्येच अडला, पुन्हा खाली ठेवला. "हसलात तर बसनं जाईन," त्या म्हणाल्या. तपासनिसांनी गाडी घट्ट धरली आणि कुंपणाकडे बघत राहिले. दुसऱ्या वेळी पाय पलीकडे गेला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोन्हीकडे पाय टाकून बसल्या. स्प्रिंगा दोन्ही बाजूंनी सारख्याच दबल्या, तिसऱ्या खाचेवर, गाडी किंचित खाली बसली आणि सरळ राहिली.

पहिला गिअर, दुसरा. किराणावाल्यानं पोत्याच्या जागी बायको पाहून अभिनंदन केल्यासारखा हात वर केला.

"आता कलते का?" मागून आवाज आला, अगदी मानेशी.

"नाही."

"खरं?"

"मोजून."

मग ताई बोलू लागल्या. पंधरा दिवसांचं साठलं होतं. बसमध्ये एक बाई रोज भेटते आणि तिचा चष्मा कसा वाकडा आहे, लेक फोनवर खोकत होती, करड्या पँटीच्या खिशात सात वर्षांपूर्वीची यादी सापडली आणि त्यात माझं नाव का लिहिलं होतं. तपासनीस रस्त्याशी बोलत उत्तरं देत होते. शाळेजवळ रस्त्यात एक गतिरोधक होता. गाडी त्यावर चढली, आणि ताईंनी, ज्यांनी आजवर सीटच्या दांडीशिवाय काही धरलं नव्हतं, दोन्ही हातांनी त्यांचे दोन्ही खांदे धरले. गाडी उतरली. हात थोडे उशिरा उतरले.

दुकानाशी ताई उतरल्या. तपासनीस घरी गेले, चहासुद्धा न घेता टेबलाशी बसले, कागदाला समास सोडला आणि लिहिलं:

"मा. कार्यकारी अभियंता, रस्ते विभाग, यांचे सेवेशी. विषय: गतिरोधकांची संख्या वाढवून मिळणेबाबत. महोदय, अर्जदार हे सेवानिवृत्त वजनमापे तपासनीस असून दररोज दोन वेळा शाळेच्या रस्त्याने दुचाकीवरून जातात. सदर रस्त्याची लांबी सहा किलोमीटर असून त्यावर सध्या केवळ एक गतिरोधक आहे. त्यावरून जाताना मागील आसनावरील व्यक्तीस पुढील व्यक्तीचे खांदे धरावे लागतात. हा कालावधी अर्जदाराने मोजला असता चार सेकंद भरला. चार सेकंद हे माप अर्जदाराच्या मते अपुरे आहे. तरी उर्वरित रस्त्यावर दर पन्नास फुटांस एक याप्रमाणे गतिरोधक बसविण्यात यावेत. सदर रस्त्यावर आजवर अपघात झालेला नाही व विनंतीचा सुरक्षिततेशी कोणताही संबंध नाही, याची कृपया नोंद घेऊन शक्यतो याच आठवड्यात काम सुरू करण्यात यावे, ही नम्र विनंती."